निळ्या पायांचा जावई

हट्ट्याला, म्हणजे माझ्या सासरवाडीला, लोक मला तोंडावरून ओळखत नाहीत, पायांवरून ओळखतात.

इतर जावयांचे फोटो भिंतीवर असतात. माझे पाय अंगणात आहेत. सिमेंटच्या कोब्यावर, दोन, शेजारी शेजारी, चांगले निळेशार! नवा पाहुणा आला की सासरची मंडळी आधी पाणी देतात आणि मग ते पाय दाखवतात. पाय तिथं कसे उमटले ते सांगायचं तर आधी चिखल्यांबद्दल सांगावं लागेल, आणि चिखल्यांबद्दल सांगायचं तर माझ्या हुशारीबद्दल.

कुरुंद्यात माझं कृषी सेवा केंद्र आहे. बियाणं, खतं, औषधं. (औषधं म्हणजे पिकांची. हा कंस नीट वाचून ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ मी हा कंस विसरल्यामुळं झाला.) आमचा पट्टा हळदीचा. हळदीला करपा येतो, कंद कुजतात, आणि दोन्ही करणी बुरशीची. त्यामुळं बुरशी म्हणजे माझा हातचा मळ! माणसं लांबलांबून रोगट पान घेऊन येतात. मी चष्मा कपाळावर सरकवतो, पान उजेडात धरतो, नुसतं 'हं' म्हणतो, आणि तेवढ्यानंच त्यांना निम्मं बरं वाटतं.

सगळ्या तालुक्यात माझा सल्ला न ऐकणारा एकच माणूस होता. त्यानं मला स्वतःची मुलगी दिली होती.

रंगनाथमामा, माझे सासरे. (आमच्याकडं सासऱ्याला मामा म्हणतात.) माझं बोलणं ते कधी मध्येच तोडत नसत, हे आधी सांगितलं पाहिजे. उलट, स्वतःहून विचारत. "जावई, कंद कुजून राहिले, काय करावं बरं?" मी अर्धा तास बोलायचो. मामा माना डोलवायचे. मामी चहा आणायच्या. मग मामा उठून आपल्या रानात जायचे आणि मी सांगितलं त्याच्या बरोबर उलटं करून यायचे. त्याचं मला वाईट वाटत नसे. हळद झकास यायची, याचं वाटायचं!

"माणूस गुणाचा हाय," ते माझ्याबद्दल भावकीत सांगत. "सुपारीचं खांड खात न्हाई. पोरीला सुखात ठेवलंय. फक्त शेतीचं काही इचारू नाही."

लग्नापासून माझी एकच इच्छा होती. या माणसानं एकदा, फक्त एकदा, चार लोकांत म्हणावं, की जावयाचं बराबर आहे!

आता चिखल्या. तीन वर्षांखालच्या आषाढात मी गमबूट घेतले. शेतकरी अनवाणी आणि सल्ला देणारा गुडघ्यापर्यंत बुटात, असं असलं की सल्ल्याला वजन येतं. वजन आलंच. रानात सऱ्यांमधून पाणी वाहत होतं, ते वरून बुटात शिरायचं आणि मी ते दिवसभर सोबत घेऊन हिंडायचो. संध्याकाळी बूट काढले की पाय भिजवलेल्या पोह्यांसारखे निघायचे.

थोड्याच दिवसांत करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट यांच्या बेचक्यातली कातडी पांढरी पडली, मग फाटली, मग खाजायला लागली. आणि खाज कशी, तर माणसाला सगळे संस्कार विसरायला लावणारी! दुकानात गिऱ्हाईक समोर उभं आणि मी काउंटरखाली चप्पल काढून एका पायाच्या टाचेनं दुसऱ्या पायाची बोटं रगडतोय.

"पानावर ठिपके आले बगा, शेठ," एक जण म्हणाला.

"आऽऽहा," माझ्या तोंडून सुटलं. नेमकी जागा सापडली होती.

"इतके चांगले हायेत का?" तो बिचारा चक्रावून गेला.

घरी वेगळंच चाललं होतं. "अहो, घरात कायतरी मेलंय," एके दिवशी उज्ज्वला म्हणाली. उज्ज्वला माझी बायको, मामांची थोरली, आणि विश्वास ठेवण्याच्या बाबतीत सोळा आणे बापावर गेलेली.

"उंदीर असेल," मी म्हणालो.

तिनं कपाट सरकवलं, गॅसखाली पाहिलं, धान्याच्या कोठीमागं पाहिलं. वास घेत घेत ती दाराशी आली आणि माझ्या गमबुटांपाशी थांबली.

"सापडला," ती म्हणाली. "बूट बाहेर काढा. पायबी त्यातच राहू द्या."

आईनं तिचा उपाय सांगितला. "हळदीच्या गावात राहतूस आन् औषध हुडकून राहिलास! हळद लाव तेलातून." मी हसलो. मी कृषी सेवा केंद्रवाला, विज्ञानाचा माणूस! मी सरळ मेडिकलवर गेलो आणि विज्ञानाला धरून म्हणालो, "खाजेची भारीवाली ट्यूब द्या." त्यानं दिली. पाय त्यानं पाहिले नाहीत, मी दाखवले नाहीत. (पान न दाखवता औषध मागणाऱ्या शेतकऱ्याला मी दुकानातून हाकलून देतो, हे वेगळं.) दोन दिवसांत खाज गायब! मी ट्यूब खिडकीत टाकून दिली. आणि चिखल्या जशा गेल्या तशा परत आल्या, फक्त आता एकट्या आल्या नाहीत. तळव्याच्या कडेनं लाल चट्टे, टाचेला साल, दुसऱ्या पायालाही सुरुवात. भाडेकरू बाहेर काढावा आणि त्यानं खानदान घेऊन परत यावं, तसं झालं.

त्यातच मामांचा फोन आला.

"जावई, औंदा धोंड्याचा महिना हाय. इतवारी या. धाकले जावईबी येऊन राहिले परभणीहून."

धोंड्याचा महिना, म्हणजे अधिक मास, तीन वर्षांतून एकदा येतो. त्यात जावई म्हणजे साक्षात नारायण! त्याला जेवायला बोलवायचं, पुरणाचे धोंडे करायचे, नवे कपडे द्यायचे. इथपर्यंत ठीक आहे. पण त्याआधी नारायणाला पाटावर बसवून, सगळ्या भावकीसमोर, त्याचे पाय परातीत घेऊन सासू-सासरे स्वतःच्या हातांनी धुतात. बोट न् बोट! माझ्या डोळ्यांपुढं माझी बेचकी आली, मामांचा अंगठा आला, आणि भावकीतल्या बायकांच्या नाकाला लागलेले पदर आले.

"न गेलो तर?" मी उज्ज्वलाला विचारलं.

"मंग माझ्या बापाला वाटंल, जावई रुसला. रुसलेल्या जावयाला आणायला ते सोता येतेत. आन् इथं येऊन पाय धुतेत."

उरले दोन दिवस. अशा वेळी हुशार माणसाला झोप येत नाही, युक्ती येते. दुकानात बसल्या बसल्या माझी नजर कोपऱ्यातल्या मोरचुदाच्या गोणीवर पडली. निळे निळे खडे! मोरचूद आणि चुना पाण्यात कालवला की बोर्डो होतं, आणि बोर्डो म्हणजे बुरशीचा काळ! मी ते वर्षानुवर्षं विकतोय. शिवाय पावसाळ्यात मेंढ्यांचे खूर सडले, की मेंढपाळ त्यांना मोरचुदाच्या पाण्यातून चालवतात, हेही मी पाहिलेलं. बुरशी ती बुरशी! हळदीची काय आणि बोटाची काय! मेंढीचा खूर बरा होतो, मग माझ्या पायानं काय घोडं मारलंय?

"तुमी मेंढी हाईत काय?" उज्ज्वलानं विचारलं.

"हे शास्त्र आहे."

"शास्त्र माणसाच्या पायाचं हाय का?"

असल्या अडाणी प्रश्नांना मी उत्तर देत नाही. शनिवारी दुपारी मी न्हाणीघरात प्लास्टिकचा टब घेतला आणि त्यात मोरचूद-चुना कालवायला बसलो. आता प्रमाण. झाडाला किती घालायचं ते गोणीवर छापलेलं असतं. पण माणूस हळदीच्या रोपापेक्षा थोराड, म्हणून मी थोडं वाढवलं. माझ्या चिखल्या जुनाट, म्हणून आणखी वाढवलं. उद्याच कार्यक्रम, म्हणून उरलेलं सगळंच ओतलं. (लेबलावरच्या मात्रेपेक्षा चिमूटभर जास्त घातलं तर पीक जळतं, असं मी गिऱ्हाइकांना ओरडून सांगत असतो. घसा बसतो माझा.)

पाय बुडवले. पहिल्यांदा गार वाटलं. मग झणझणलं. मग अशी आग पेटली की मी न्हाणीघरात उभ्या उभ्या सगळ्या देवांची नावं घेतली, आणि ती संपल्यावर गावातल्या पुढाऱ्यांची. पण खाज? खाज पार बंद! आग लागलेल्या घरात ढेकूण कोणाला चावतोय! मी दात आवळून बसून राहिलो. शेवटी पाय बाहेर काढले तेव्हा ते घोट्याच्या वरपर्यंत निळे होते. वर रेघ इतकी सरळ, की देवानंच मोजे घालून पाठवल्यासारखे दिसत होते.

साबण लावला. निळे. राख लावली. निळे. दगडानं घासले. आणखी तकतकीत निळे! आणि मग मला आठवलं, बोर्डो विकताना मी काय सांगतो ते. "एकदा बसलं की पावसानं धुतलं जात नाही, पाटील!"

आईनं मला न्हाणीच्या दारात पाहिलं आणि सरळ हळद-तेलाची वाटी आणली. मी पाय पुढं केले. विज्ञान हरलं होतं. आईनं चांगला जाड लेप दिला आणि हात पुसत मागं सरकली.

"हे काय झालं रं?"

पाय हिरवे झाले होते! निळ्यात पिवळं मिसळलं की हिरवं होतं, हे मी चौथीत शिकलो होतो, पण एवढ्या जवळून पाहिलं नव्हतं.

"थांबा," उज्ज्वला म्हणाली, "तांब्या-पितळेचा हिरवा डाग लिंबानं निघतो." आणि मी नाही म्हणायच्या आत तिनं अख्खं लिंबू माझ्या फाटक्या बेचक्यांवर पिळलं.

त्यानंतर मी काय ओरडलो ते मला आठवत नाही. शेजारपाजारचे आठवतात, ते अंगणात जमून विचारत होते, की घरात कोणाचं काही झालं का. हिरवं मात्र निघालं. खालचं निळं जास्तच खुललं.

रविवारी मी पांढरे मोजे आणि वर बूट घालून हट्ट्याला पोचलो. पायात निखारे होते, पण चेहऱ्यावर नारायण ठेवला होता. अंगणात दोन पाट मांडलेले, भोवती भावकी. माझ्या साडूचे, म्हणजे परभणीच्या धाकट्या जावयाचे पाय आधी धुतले. कचेरीत बसणाऱ्या माणसाचे पाय, लोण्यासारखे! मग माझी पाळी.

"मोजे काढा न पाव्हणं," मामी म्हणाल्या.

"असू द्या मामी, वरूनच शिंपडा. देवाला भाव लागतो."

"असं कुटं असतंय का?" मामा म्हणाले, आणि त्यांनी माझा पाय मांडीवर ओढून मोजा एका झटक्यात उपसला.

मामींच्या हातातला तांब्या कलला आणि पाणी त्यांच्याच पायावर सांडायला लागलं. मामांच्या चुलत बहीण, गोदाआत्या, पुढं झाल्या, पायाकडं पाहिलं आणि छाती पिटत किंचाळल्या, "अगं माय! पाव्हण्याला पान लागलं!"

आमच्याकडं सापाचं नाव घेत नाहीत. साप चावला की 'पान लागलं' म्हणतात. पुढं काय झालं ते तुम्ही ओळखलंच असेल. "निळं पडलं, निळं पडलं!" "जीप आणा!" "वसमतला न्या!" एकानं बैलाचं दावं आणून माझ्या गुडघ्याखाली आवळायला घेतलं. दुसरा म्हणाला, आवळू नका, डॉक्टर ओरडतेत. दोघं माझा पाय धरून भांडायला लागले. उज्ज्वला कोपऱ्यात पदर तोंडात कोंबून हुंदके देत होती, असं सगळ्यांना वाटलं. मला माहीत होतं, ती हसत होती.

"साप नाही!" मी शेवटी ओरडलो. "बोर्डो आहे! बोर्डो!"

मामांनी पाय उचलून वास घेतला. अंगठ्यानं रंग खरवडून पाहिला.

"बोर्डो?" ते म्हणाले. "काहून?"

"चिखल्या झाल्या होत्या."

आता इज्जतीचा पंचनामा, असं मी मनाशी म्हटलं. मामा माझ्याकडं झुकले. मग हळूच, कानात सांगावं तसं विचारलं, "कमी आलं का?"

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण अंगणभर माणसं माझ्या तोंडाकडं पाहत होती. "खाज नावाला नाही!" मी म्हणालो. (खोटं नव्हतं. पायच आपला वाटत नव्हता, तर खाज कुठली!)

आणि मग ते घडलं. मामांनी माझा निळा पाय मांडीवर तसाच धरला, मान वर केली आणि चार नाही, चाळीस लोकांत म्हणाले, "बगा! ह्याला म्हणतेत डोकं! बुरशीला बुरशीचं औषध. आमच्या जावयाचं बराबर हाय!"

माझे डोळे भरून आले. थोडे आगीनं, पण बरेचसे खरोखर. इतकी वर्षं ज्या वाक्यासाठी थांबलो, ते वाक्य आलं होतं! आणि मग खरं गुपित फुटलं. भावकीतला एकेक जण पुढं येऊन चप्पल काढायला लागला. "आमालाबी हायेत." "मला तर तीन पावसाळे झाले." "रातच्याला खाजवू खाजवू रगत निघतंय, शेठ." हळदीच्या ओल्या रानात उभं राहणाऱ्या सगळ्यांच्याच बोटांत चिखल्या, आणि सगळेच लाजेनं लपवून बसलेले! अंगणात पायच पाय झाले. मी पाटावर बसून एकेक पाय पानासारखा उजेडात धरून 'हं' म्हणत होतो. शेवटी मामीच म्हणाल्या, "पाय नंतर बगा, धोंडे गार होऊन राहिले."

जेवताना मामा माझ्या शेजारी बसले. "तुमाला शुगर हाय, एकच घ्या," मामी त्यांना म्हणाल्या, तर त्यांनी तो एकही माझ्या ताटात टाकला. मी धोंड्यांवर धोंडे खाल्ले आणि माजघरात आडवा झालो. आयुष्यात आता काही मिळवायचं राहिलं नाही, अशी ती झोप होती.

जाग आली ती अंगणातल्या आवाजानं.

"मोरचूद बारीक कुटा. चुना किती घातला?"

"लई घाला. शेठ म्हणले, जितकं निळं तितकं चांगलं." (मी असं कधीच म्हणालो नव्हतो!)

मी खिडकीतून पाहिलं. अंगणाच्या मधोमध प्लास्टिकचं मोठं घमेलं, त्यात आभाळासारखं निळं पाणी. भावकी रांगेत उभी, धोतरं-पँटी गुडघ्यापर्यंत वर. आणि सगळ्यात पुढं, मान म्हणून, स्टुलावर बसलेले मामा!

माझं जेवण एका क्षणात जिरलं. मामांना शुगर होती आणि पावलांची जाणीव त्यांना कधीचीच कमी झाली होती. काटा रुतला तरी चपलेला रक्त लागलेलं पाहून दुसऱ्या दिवशी कळायचं. ज्या पाण्यात मला सगळे देव आठवले, त्यात मामा तास न् तास बसले असते, पान खात, गप्पा मारत. कातडी सोलून निघाली असती आणि यांना पत्ता लागला नसता! आमच्याच गावात शुगरवाल्या एकाचा पाय साध्या जखमेवरून घोट्यापासून काढावा लागला होता, ते मला लख्ख आठवलं आणि मी तसाच अनवाणी पळत सुटलो.

"मामा, थांबा! पाय घालू नका! ते चुकीचं आहे, माझं चुकलं!"

मामा हसले. "काहून? सकाळी तर बराबर होतं."

"मी खोटं बोललो. पाय जळून राहिलेत माझे!"

"असं व्हय," मामा रांगेकडं वळून डोळा मिचकावत म्हणाले. "जावई दुकानदार हायेत बाबांनो. फुकट गेलं की त्यांना तकलीफ होते."

रांग हसली. मी शपथा घेतल्या. आईची घेतली, दुकानाची घेतली, उज्ज्वलाची घेतली. (ती म्हणाली, माझी कशाला?) मामांनी अगदी मन लावून ऐकलं. माना डोलावल्या. मी ओळखलं, हे ते डोलावणं आहे! मी सांगितलं त्याच्या बरोबर उलटं करण्याआधीचं! आणि मामांनी पाय उचलला.

मग मला दुसरं काही सुचलं नाही. मी धावत जाऊन मामांच्या आधी, धोंड्याच्या नव्याकोऱ्या पांढऱ्या पँटीसकट, दोन्ही पायांनी त्या घमेल्यात उडी मारली.

सोललेल्या कातडीवर ताजं बोर्डो! शब्द नाहीत. शब्द नव्हतेच, नुसती बोंब होती. ती वेशीपर्यंत ऐकू गेली म्हणतात. जन्मभर मी लोकांना अर्धा अर्धा तास सल्ले दिले, पण सगळ्यांना एका क्षणात पटलेला सल्ला तेवढाच. मी घमेल्यातून बाहेर उडी घेतली, कोब्यावर दोन पायांवर दाणकन उतरलो आणि तिथंच बसलो. घमेलं कलंडलं. निळं पाणी उतारानं मोरीकडं गेलं. रांगेतल्या सगळ्या पँटी गुपचूप खाली आल्या.

मामा स्टुलावरून उठले, माझ्याजवळ उकिडवे बसले आणि माझे पाय पाहिले. फोड आले होते. मामांचा चेहरा उतरला. त्यांनी हंड्यातलं गार पाणी घेतलं आणि सकाळी अर्धवट राहिलेलं पाय धुणं पुरं केलं. मग जीप बोलावली आणि मला घेऊन वसमतला निघाले.

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी माझे पाय पाहिले आणि चष्मा काढला.

"हे काय लावलंय?"

"बोर्डो."

"कोणी सांगितलं?"

"मीच," मी म्हणालो. "माझं कृषी सेवा केंद्र आहे."

"मग आता पायाला हळद उगवायची का?" त्या म्हणाल्या. मामा खुदकन हसले. ते मला जास्त लागलं.

आधी त्यांनी भाजलेल्या जखमांची सोय केली. मग चिखल्यांवर आल्या. ही बुरशीच, म्हणाल्या, पण माणसाच्या कातडीतली. तिला ओल आणि ऊब हवी, आणि गमबुटात मी दोन्हींची सोय करून दिली होती. मेडिकलच्या त्या भारी ट्यूबमध्ये खाज दाबणारं स्टेरॉइड असतं. वरून लाली जाते आणि आत बुरशी निवांत पसरते. पाय धुतले की बोटांच्या मधली जागा कोरडी पुसायची. मोजे सुती, रोज धुतलेले. बूट उन्हात वाळवायचे. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा. बुरशीचं मलम चट्ट्यावर आणि त्याच्या कडेच्या चांगल्या कातडीवरही लावायचं, आणि खाज गेली म्हणून बंद करायचं नाही. त्या सांगतील तितके आठवडे पुरं करायचं. नखं जाड, पिवळी झाली तर नुसत्या मलमानं भागत नाही, तेव्हा येऊन दाखवायचं.

मग त्यांनी मामांच्याही बोटांतल्या चिखल्या पाहिल्या. "आणि आजोबा, तुम्हाला शुगर आहे," त्या मामांना म्हणाल्या. "तुम्ही रोज तळपाय पाहायचे. दिसत नसेल तर कुणाला तरी पाहायला लावायचे. जखम दिसली की लगेच यायचं. घरचे प्रयोग एकदम बंद!"

"घरचे न्हाई," मामा म्हणाले, "जावयाचे." मग मलमाची ट्यूब हातात घेऊन त्यांनी गंभीरपणे विचारलं, "बाई, फवारणीच्या पंपाला किती घालायचं?"

परतताना जीपमधून हट्टा दिसायला लागल्यावर मामा बाहेर पाहत म्हणाले, "सल्ला कोणीबी देतं, जावई. पर आपल्या आधी घमेल्यात पाय घालणारा कोणी भेटत न्हाई." बस, इतकंच. मला हुंदका आला. मी तो आगीच्या नावावर खपवला.

मामांनी मलम कसं लावलं म्हणता! रोज, वेळेवर, बोटं पुसून, बाई सांगतील तितके आठवडे. त्यांचे पाय साडूच्या पायांसारखे झाले. (साडूला मात्र परभणीत खाज सुटली. धोंड्याच्या दिवशी माझे पाय पुसलेल्या टॉवेलनंच नंतर त्यानंही पाय पुसले होते.) आणि मी? खाज थांबली, मी मलम सोडलं, चिखल्या परत! मामा दुकानात आले, भर गिऱ्हाइकांत काउंटरवर टेकले आणि म्हणाले, "औषध अर्ध्यात सोडलं की रोग दुप्पट होऊन येतो, शेठ. हे कोण सांगत असतं?"

"मी," मी म्हणालो. सगळं दुकान हसलं. त्यानंतर मात्र मीही मलम शेवटपर्यंत लावलं.

यंदा पुन्हा धोंड्याचा महिना आला. हट्ट्याला माझ्यासाठी वेगळा टॉवेल होता. मामांनी पाय मांडीवर घेतला, भावकीसमोर बोटं एकेक फाकवून आत पाहिलं आणि जाहीर केलं, "साफ हाय!" मग पाय पुसता पुसता म्हणाले, "पायाला काय लावावं ते जावयाला कळत न्हाई. पर काय लावू नाही, ते त्यांच्याइतकं कोणाला कळत न्हाई." मी अभिमानानं मान हलवली. अर्थ कळायला थोडा वेळ लागला.

तेवढ्यात भावकीतली एक नवी नवरी हळदकुंकवाचं ताट घेऊन अंगणात आली. कोब्यावरची ती दोन निळी पावलं तिला दिसली. बोर्डोच ते, पावसानं धुतलं जात नाही! तिला वाटलं, कोण्या महाराजांची पावलं. ती वाकली, पावलांवर चिमूट चिमूट हळद वाहिली आणि डोकं टेकलं. मी थांबवायला उठलो, तर मामांनी हात धरला. "पडू द्या पाया. तुमाला दुसरं कोण पडणार हाय?"

मी वाकून पाहिलं. पाय धुताना सांडलेल्या पाण्यानं निळ्या पावलांवरची हळद ओली होत होती, आणि पावलं हळूहळू हिरवी दिसायला लागली होती.

"अहो," उज्ज्वला माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "लिंबू आणू का?"